हनोईच्या पुलावरची कावड

५ फेब्रुवारी, सूर्यमाळ.

आईचं सामान बांधते आहे. दोन गोधड्या, चार लुगडी, पितळेचा तांब्या, देवांचा डबा, आणि डॉक्टरांनी दिलेली काठी, जिला तिनं अजून हात लावलेला नाही. उद्या सकाळी जीप येणार आणि आम्ही तिला जव्हारला नेणार, असं काल तुझं तेरावं उरकल्यावर ठरलं. ठरवायला मी होते, हे होते, भाऊबंद होते. आईला कुणी विचारलं नाही. ती ओट्यावर नागली पाखडत बसली आहे. मघाशी मी आतून विचारलं, "आई, तुमचा तवा घेऊ का?"

"तुझ्या घरी तवा नाय?"

"आहे."

"मंग ऱ्हाऊ दे. हा चुलीवरचा हाय. गॅसवर काय करील तो?"

त्यानंतर नुसता सुपाचा आवाज येतोय. ट्रंक अर्धी भरली आहे आणि मी ती तशीच सोडून हे लिहायला बसले आहे. रडायला बसलेली नाही. तेवढा वेळ नाही. पण सासूला कुठं ठेवायचं हा आपला वाद अर्धा राहिलाय, तारा, आणि तो मिटल्याशिवाय ट्रंकेला कुलूप लावणं मला जमेना.

आधी एक सांगते. मी तुला 'तू' म्हणतेय. पाड्यावर कुणी वाचलं तर म्हणेल, थोरल्या जावेशी सुमन अशी बोलते? तू मानानं मोठी, वयानं माझ्याहून तीन वर्षांनी लहान. म्हणून तू मला 'सुमनताई, तुम्ही' म्हणायचीस आणि मी तुला 'वहिनी, तुम्ही'. लग्न झाल्यापासून आपण एकमेकींना अशा लांबूनच नमस्कार करत आलो. गेल्या वर्षीच्या जानेवारीत विमानात बसल्यावर पट्टा लावता लावता तू म्हणालीस, "इथं कोण ऐकतंय? तू म्हण गं मला." हनोईत होतो तोवर मी तुझी सुमी होते. परत आलो, आई ओट्यावर बसलेली दिसली आणि तू लगेच म्हणालीस, "सुमनताई, तुम्ही दमला असाल." मी पदर तोंडाला लावून हसले होते. काल सगळ्यांसमोर मी "वहिनी गेल्या" असंच बोलत होते. तू खळ्याच्या कडेला बसलेली असताना, कुणाला हाक न मारता गेलीस, हे येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. आता घरात कोणी नाही. इथं कोण ऐकतंय?

ती सहल खरं तर माझी आणि यांची. मुलीनं ठाण्याहून ठरवून दिलेली. हे नुकतेच निवृत्त झाले होते, मी कार्यालयात गेले की दिवसभर घरात बसून माझे डबे तपासत होते, म्हणून तिला वाटलं बाबांना जग दाखवू. तर हे म्हणाले, "मला नको परदेश. माझं पोट जव्हारचं पाणी सोडून दुसरं काही मानत नाही." मग मी तुझं नाव सांगितलं. थोरले गेल्यापासून तू अंगणवाडी, शेत आणि आई एवढ्यातच फिरत होतीस. नाशिकच्या पुढं काही पाहिलेलं नव्हतंस. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला तेव्हा निम्मा पाडा अंगणात जमला. त्यानं आईला विचारलं, "तारा इथंच राहते का?"

"का? काय केला तिनं?"

"काही नाही, आजी. परदेशात चाललीय."

"मंग तू का आलास? अडवाया?"

तो चहासुद्धा न घेता गेला.

राहिला प्रश्न तुझ्यामागे आईजवळ कोण. हे म्हणाले, मी राहतो सूर्यमाळला. आई कशी राहील याची काळजी कुणालाच नव्हती, हे कसे राहतील याची होती. तू त्यांना तांदळाचा डबा, मिठाची बरणी आणि विहिरीची वाट दाखवलीस. नळ एक दिवसाआड येतो आणि आला तर येतो, हेही सांगितलंस. त्यांनी मान हलवली. सरकारी नोकरीत माणूस मान हलवायला चांगलं शिकतो.

हनोईत थंडी होती. सूर्य दिसला नाही, सगळीकडे भुरभुर, ढग छपरांपर्यंत उतरलेले. मी स्वेटरवर शाल घेतली होती. तू साध्या साडीवर ब्लाऊजच्या बाह्या खाली ओढून चालत होतीस आणि म्हणत होतीस, "ही कसली थंडी? ही तर आमची दुपार." आपल्याबरोबर नाशिकची मंडळी होती, पुढे झेंडा धरून चालणारा एक टूर मॅनेजर होता. तो म्हणायचा, फोटो काढा, फोटो काढा. जुन्या भागात घराघरांची दारं उघडी, आत पूर्वजांचा देव्हारा, उदबत्त्या, फळं, आणि त्याच्यापुढेच स्कूटर उभी. सगळ्यांनी आत मोबाईल धरले. तू धरला नाहीस. मी विचारलं तर म्हणालीस, "पावसाळ्यात मुंबईची माणसं येतात ना आपल्याकडे धबधबे बघायला? एकदा मी परसात भांडी घासत होते, तर एकीनं माझा फोटो काढला. म्हणाली, किती शांत. माझ्या हाताला राख लागलेली, नाहीतर दाखवली असती शांतता."

रस्ता ओलांडायला सगळी मंडळी घाबरायची. स्कूटरचा लोंढा थांबतच नव्हता. तूच आधी उतरलीस. एक हात जरा पुढं, ना धावलीस ना थांबलीस, आणि स्कूटरी तुझ्या दोन्ही बाजूंनी निघून गेल्या. पलीकडे पोचून ओरडलीस, "सुमे, गुरांच्या मधून चालतो तसं चाल! तू बिचकलीस तर ती बिचकतात!" नाशिकच्या त्या डॉक्टरीणबाई पुढचे सगळे रस्ते तुझा पदर धरून ओलांडत होत्या.

पाण्यातल्या बाहुल्यांचा खेळ तुला सगळ्यात आवडला. रंगमंचाच्या जागी हौद, आणि त्यात लाकडाची माणसं, म्हशी, बदकं. बाहुल्या वाकून भाताची रोपं लावायला लागल्या तशी तू माझ्या कानाशी म्हणालीस, "ही आवणी बघ. एकीच्याही कमरेला हात नाही. बाहुल्या करणाऱ्यानं कधी रोपं लावली असती तर कळलं असतं." आणि मग इतकी हसलीस की पुढच्या रांगेतल्या माणसानं मागे वळून पाहिलं. तुझं असं हसणं मी घरात कधी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी यांचा फोन यायचा. सूर्यमाळला रेंज फक्त शाळेच्या झेंड्याच्या खांबापाशी, म्हणून ते तिथून ओरडून बोलायचे. "आई मला आंघोळीला एकच तांब्या देतेय!"

तू फोन घेऊन म्हणालीस, "भावजी, पाणी कोणी आणलं?"

"आईनं."

"मग तांब्या जास्तच दिला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः हंडा आणला आणि तेही कळवायला खांबापाशी आले.

आता पुलाचं लिहिते. खरं तर त्यासाठीच बसले आहे.

नदीवर एक जुना लोखंडी पूल होता. मधून रेल्वे, कडेनं स्कूटरी, आणि चालणाऱ्यांना वितभर वाट. बस खाली उभी होती. टूर मॅनेजर म्हणाला, चढ चढून वर जा, नदी बघा आणि लगेच परत या, पुढं देऊळ आहे. त्यांचं नवीन वर्ष जवळ आलं होतं, माणसं स्कूटरवर संत्र्यांची अख्खी झाडं कुंडीसकट घेऊन चालली होती. चढाच्या पायथ्याशी एक म्हातारी कावड खाली ठेवून उभी होती. दोन्ही टोपल्यांत छोटी संत्री, बांबू मध्ये आडवा. एक हात कमरेवर, आणि मान वर करून ती चढाकडे बघत होती.

तू तुझी पर्स माझ्या हातात दिलीस. मला वाटलं चपलेत खडा गेला असेल. तू वाकलीस, बांबूखाली खांदा घातलास आणि उठलीस. कावड घेऊन चढाला लागलीस सुद्धा.

म्हातारीनं जी आरोळी ठोकली ती मी विसरणार नाही. ती तुझ्यामागे, मी तिच्यामागे, दोन पर्स आणि एक छत्री सांभाळत, "सॉरी, सॉरी" करत. एका पोरानं स्कूटर थांबवली. नाशिककरांनी मोबाईल काढले. म्हातारीनं मागची टोपली दोन्ही हातांनी धरली आणि ओढायला लागली. तू न वळता म्हणालीस, "अगं मावशी, सोड, तोल जातो." मराठीत. आणि आश्चर्य म्हणजे तिनं सोडली. तुझी चाल बघितली असेल तिनं. कावड खांद्यावर लचकवत, गुडघे जरा मोडून, टोपल्या एका लयीत हलतील अशी. आपल्याकडे कावड पुरुषांची, बाईच्या डोक्यावर हंडा. पण माहेरी तुला भाऊ नव्हता आणि वडिलांमागे भाताचे भारे तूच आणायचीस, हे मला माहीत होतं. तिला कुठून माहीत असणार? तरी ती तुझ्या बाजूनं चालायला लागली, अखंड बडबडत. शिव्या देत होती की काय, देव जाणे. तूही बोलत होतीस. "हो. चढ वाईटच आहे. पोरं नाहीत का गं घरी?"

वर पोचल्यावर तू कठड्याशी कावड ठेवलीस. म्हातारीनं टोपल्या तपासल्या, बांबू तपासला, तुला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग कमरेवर हात ठेवला आणि बोटानं पुढं दाखवलं. अजून पुढं.

तू मला म्हणालीस, "बघ, विसावा इथं नाही. तिकडं आहे."

आणि पुन्हा उचललीस. पूल मैलभर लांब. मी मागून ओरडत होते, "तारे, बस जाईल!" बस गेलीच. आपलं देऊळ बुडालं.

मी चिडले होते, हे तुला ठाऊक आहे. परत येताना आपण फुटपाथवर त्या बुटक्या स्टुलांवर बसलो. तिथली अंड्याची कॉफी मी मागवली. तू एक घोट घेऊन विचारलंस, "ही सर्दी झाल्यावर देतात का?" मी हसले नाही. म्हटलं, "तिनं पोलीस बोलावले असते तर? तुला चोर समजली ती."

"समजली ना. पण दमलीही होती."

"विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असती. कोणीही नाहीच म्हणतं."

ते मला माहीत होतं. ही तुमच्या पाड्याची रीत. रिकाम्या हातानं चढणारीला वाटेत ओझंवाली भेटली, तर विचारायचं नाही, आभार घ्यायचे नाहीत, ओझं काढून आपल्या डोक्यावर घ्यायचं आणि पुढच्या विसाव्याला परत द्यायचं. मी खोडाळ्याच्या बाजारपेठेत वाढलेली, मला कोण शिकवणार? लग्नानंतर पहिल्यांदा एस.टी.तून उतरून हा चढ चढत होते, तेव्हा मागून एक काटकुळी मुलगी आली आणि माझ्या हातातली सूटकेस ओढून घेऊन चालायला लागली. मी ओरडले होते, "अहो, माझी बॅग!" ती तू होतीस. त्या म्हातारीसारखीच मीही तुझ्यामागे धावले होते. लग्नाच्या गर्दीत मी तुला धड पाहिलंच नव्हतं, तुझं नाव नंतर कळलं.

पण त्या दिवशी मी रागावलेली होते, म्हणून हाच धागा धरला. म्हटलं, "जगाचं ओझं घेतेस. आणि मी इतकी वर्षं सांगतेय, आईला जव्हारला आण, मी घेते, तर तुझा एकच हेका, नाही. तुझं ओझं तेवढं सोन्याचं?"

तू कप खाली ठेवलास.

"सुमे, मी त्या बाईची संत्री आपल्या हॉटेलात नेली का?"

"म्हणजे?"

"ती जिकडं चालली होती तिकडंच नेली ना? तू आईला घेत नाहीस. तू तिला उचलून तुझ्या ओट्यावर नेऊन ठेवतेस. तुझ्या घरी येऊन ती काय करील? टीव्ही बघील? खिडकीतून दुसऱ्याची भिंत बघील?"

"सूर्यमाळला पाणी नाही, दवाखाना नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट बघता. उद्या तू पडलीस तर?"

"पडले तर तू बघ."

एवढं बोलून तू ती कॉफी संपवलीस, चमच्यानं तळापर्यंत खरवडून. माझ्याकडे उत्तर होतं. पाण्याचं, दवाखान्याचं, वयाचं, सगळं खरं होतं, आजही आहे. पण बाजूच्या स्टुलावरच्या माणसानं आपल्याला थोडं सरकायला सांगितलं आणि विषय तिथंच राहिला. परत आल्यावर तो काढायला आपण पुन्हा वहिनी आणि ताई झालो होतो.

'तू बघ' म्हणालीस, तर बघतेय. भाऊबंद म्हणतात, ताराला मूलबाळ नाही, आता म्हातारी धाकट्यांवर आली. हे म्हणतात, जव्हारला सगळ्या सोयी आहेत. मीही तेच म्हणत आले. काल मी जिंकले, तारा. समोर तू नव्हतीस म्हणून जिंकले, आणि अशा जिंकण्याला काही चव नसते.

एक सांगायचं राहिलं होतं, ते सांगून टाकते. मला त्या सहलीतलं तळं आठवतं, देवळं आठवतात, पण सगळ्यात जास्त आठवतं ते तुझी पर्स हातात घेऊन तुझ्यामागे त्या पुलावरून चालणं. मला लाज वाटत होती आणि त्याच वेळी असं वाटत होतं की ह्या सगळ्या नाशिककरांना ओरडून सांगावं, ही माझी जाऊ आहे. सांगितलं नाही. तुलाही नाही.

सुपाचा आवाज थांबला. ट्रंक भरते.

६ फेब्रुवारी.

सकाळी उठले तर आईचं अंथरूण रिकामं. कोपऱ्यातला लहान हंडा नव्हता. ट्रंकेवर काठी मी ठेवली होती तशीच होती. हे अंगणात दात घासत होते. म्हणाले, "असेल इथंच कुठं. जीप येईल आता, बॅगा बाहेर काढतो."

मी चप्पल अडकवून विहिरीच्या वाटेला लागले. उंबराच्या अलीकडे चढ जिथं उभा होतो, तिथं ती दिसली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, एक हात हंड्याला, एक हात कमरेवर. मान वर करून चढाकडे बघत उभी. मला बघितल्यावर नजर वळवली. तिला वाटलं असणार, ही न्यायला आली.

मी विचारलं नाही. हंडा काढून डोक्यावर घेतला. मला सवय नाही, खांद्यावर पाणी सांडलं.

"कुठं नेतेस?" ती म्हणाली.

"तुम्ही नेत होता तिकडंच."

ती माझ्या मागून चालायला लागली. विसाव्याच्या सपाट दगडापाशी मी थांबले नाही, तर मागून हुकूम आला, "ठेव. विसावा हाय." ठेवला. ती टेकली, मीही टेकले. वर अंगणात जीप येऊन थांबली आणि हॉर्न वाजायला लागला. ती त्या आवाजाकडे बघत म्हणाली, "तारी असती तर पानी सांडला नसता."

"नसतं सांडलं," मी म्हटलं.

मग तिनं उठून हंड्याकडे बोट केलं आणि घराकडे दाखवलं. अजून पुढं. मी उचलला.

अंगणात ट्रंक जीपमध्ये चढली होती, शेजारी यांची बॅग. मी हंडा आत ठेवला, बाहेर आले आणि ड्रायव्हरला ट्रंक उतरवायला सांगितली. हे म्हणाले, "अगं, आईचं सामान आहे ते!"

"माहीत आहे. तुमची बॅगही उतरवा."

"माझी कशाला?"

"सोमवार ते शुक्रवार तुम्ही, शनिवार-रविवार मी. उन्हाळ्यात आईला वाटलं तर जव्हारला, नाही वाटलं तर टँकरच्या रांगेत तुम्ही. चार दिवस राहिला होतात, मेला नाहीत. निवृत्त माणूस आहात."

त्यांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "तांब्याभर पानी देईन." आणि तवा चुलीवर ठेवायला आत गेली.

मी गोधड्या दांडीवर परत टाकल्या, देवांचा डबा फळीवर ठेवला, काठी दाराच्या मागे लावली. जीप आलीच होती, म्हणून एकटीच बसले. मला कार्यालयात वेळेवर पोचायचं होतं. खांदा ओला होता, तो मोखाड्यापर्यंत वाळला.